ठिपक्यांआडचा शब्द

शहराच्या मोठ्या बसस्थानकावर सव्वीस वर्षं एकाच माणसाचा आवाज होता. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली किती उशिरा येणार, कुणाची पिशवी चौकशीच्या खिडकीत ठेवली आहे, हे सगळं तो काचेच्या केबिनमध्ये बसून सांगायचा. बरोबरचे लोक त्याला ‘भोंगा’ म्हणत. ते नाव त्याला मुळीच शोभत नव्हतं. आवाज खर्जातला, संथ, शेजारी बसून समजूत घातल्यासारखा. गाडी रद्द झाल्याचं त्याच्या तोंडून ऐकलं की लोक चिडायचे, पण जरा बेतानं.

त्याची बायको नोंदणी कचेरीत टंकलेखिका. लग्नाआधी ती रोज सकाळी चौऱ्याऐंशी नंबरच्या गाडीनं कचेरीला जायची. केबिनमधल्या मंडळींना तिचं नाव ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी तिलाच ‘चौऱ्याऐंशी’ करून टाकलं होतं. एका सकाळी तिला उशीर झाला. फाटकातून ती धावत येताना त्याला काचेतून दिसली आणि त्यानं माइकवर सांगितलं, “चौऱ्याऐंशी नंबरची गाडी एक मिनिट थांबेल.” वाहकानं वर केबिनकडे बघून कपाळाला हात लावला. ती चढली, गाडी सुटली, आणि वर्षाच्या आत दोघांचं लग्न झालं. मूलबाळ झालं नाही. घरात तो तिला त्या आकड्यानंच हाक मारत राहिला. बोलताना तो त्याचं ‘चौऱ्यांशी’ करायचा, कधी पुरता म्हणायचा, कधी लाडात आला की नुसतं ‘चौऱ्या’. पण ते नाव लिहिण्याची वेळ दोघांवर कधी आली नव्हती.

मग त्याचा घसा बसला, तो पुन्हा सुटलाच नाही. तपासण्या झाल्या. शल्यविशारदानं कागदावर घशाचं चित्र काढलं, त्यातल्या एका भागावर फुली मारली आणि म्हणाला, “हे काढावं लागेल. आवाज जाईल, माणूस राहील.” ती मान डोलवत राहिली. बाहेर आल्यावर जिन्यात तिनं कठडा धरला. तो म्हणाला, “अगं, सव्वीस वर्षं बडबडलो. आता तू बोल, मी ऐकतो.” तेव्हाच त्याचा आवाज फाटल्या कागदासारखा येत होता.

शस्त्रक्रियेला दोन आठवडे होते. त्यानं रजा टाकली आणि मागच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर माइक लावून बसू लागला. सकाळी थोडा वेळ, दुपारी थोडा वेळ. डॉक्टरांनी बोलणं कमी करायला सांगितलं होतं, पण कशासाठी राखून ठेवायचं होतं ते? तिनं विचारलं तेव्हा तो म्हणाला, “तुझ्यासाठी बोलून ठेवतोय. समोर तू असलीस की जमत नाही.” दाराआडून नुसतं पुटपुटणं ऐकू यायचं. शब्द कळू नयेत, त्याचा विश्वास मोडू नये म्हणून ती स्वयंपाकघरातला नळ सोडून ठेवायची. भांडी स्वच्छ असली तरी पुन्हा धुवायची.

दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशी सकाळी त्यानं तिला हाक मारली. त्या कॉम्प्युटरवर त्याचा धाकटा भाऊ आणि त्याची मुलं येऊन-जाऊन बसत. कुणी ऐकून हसायला नको, म्हणून सगळं एका फोल्डरात घालून त्याला कुलूप लावायचं होतं. पडद्यावर पासवर्डची चौकट आली होती.

“मराठीत चालतो का गं?”

“बघू या,” ती म्हणाली. कचेरीतलं काम घरी आणता यावं म्हणून तिनं कचेरीचाच मराठीचा प्रोग्रॅम घरी घातला होता. त्यात जुन्या टंकलेखन यंत्राचीच मांडणी होती, बोटांना नवीन काही शिकावं लागत नव्हतं. “शब्द कुठला?”

“तुला माहीत आहे,” असं म्हणून तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

तिनं टाइप केलं. चौकटीत अक्षरं उमटत नव्हती, एकेक काळा ठिपका उमटत होता. मशीननं तोच शब्द पुन्हा मागितला, तिनं पुन्हा दिला. दोन्ही शब्द जुळले. खात्री म्हणून त्यानं फोल्डर बंद करून तिला उघडायला लावलं. उघडलं. आत एकाखाली एक फाइली होत्या, एक ते एकोणीस. तिचा हात माउसवर गेला तेव्हा त्यानं पडद्यावर पंजा ठेवला.

“आत्ता नाही. मी गप्प झालो की मग.”

दवाखान्यात सात आठवडे गेले. तेवढ्या काळात दिरानं एक चांगलं काम केलं. घरातला कॉम्प्युटर सुरू व्हायलाच दहा मिनिटं घ्यायचा, मध्येच बंद पडायचा. वहिनी दवाखान्यातून थकून येतात, त्यांना निदान हा ताप नको, म्हणून त्यानं नवा आणून बसवला. जुन्यातलं सगळं नव्यात उतरवून घेतलं आणि जुना भंगारात देऊन टाकला.

“सगळं जसंच्या तसं आणलंय, वहिनी. दादाचा तो कुलूपवाला फोल्डरसुद्धा. त्याला हात लावला नाही मी.”

“बरं केलंत, भावजी,” ती म्हणाली, आणि तेव्हा तिला खरंच बरं वाटलं होतं.

तो घरी आला. गळ्याला भोक, त्यावर जाळीचा रुमाल, हातात लिहून पुसायची पांढरी पाटी. पहिले चार दिवस औषधं आणि नळ्या समजून घेण्यात गेले. पाचव्या दिवशी दुपारी त्यानं पाटीवर लिहिलं, “ऐक आता.” मग तो बाहेरच्या खोलीत पलंगावर डोळे मिटून पडून राहिला. ती मागच्या खोलीत गेली, दार लोटून घेतलं, पदरानं हात पुसले आणि शब्द टाइप केला.

पासवर्ड चुकीचा आहे.

घाईत कळ चुकली असेल, असं तिला वाटलं. तिनं सावकाश टाइप केला. चुकीचा आहे. ‘चौऱ्यांशी’ लिहून बघितलं. नुसतं ‘चौऱ्या’. शेवटची वेलांटी ऱ्हस्व करून बघितली. आकडा घालून बघितला. नव्या मशीनवर जुना प्रोग्रॅम नव्हता, मराठी आता दुसऱ्याच रीतीनं उमटत होतं. क कुठे, त कुठे हे शोधावं लागत होतं, आणि कळाही चपट्या, बोट पडलं की नाही ते कळू नये अशा. तासाभरानं ती बाहेर आली. तो तिच्या तोंडाकडे बघत होता.

“मशीन नवीन आहे,” ती म्हणाली. “जरा वेळ लागेल.”

दीर आला. त्यानं फोल्डर बघितला, उलटसुलट केला. कान लाल होईपर्यंत खटपट केली आणि म्हणाला, “वहिनी, जुनं मशीन बघून येतो.” भंगारवाल्याकडे तो तीनदा जाऊन आला. तिथे रिकामे पत्रे होते. त्यानंतर बरेच दिवस तो घरी आला की वहिनीच्या नजरेला नजर देत नव्हता. तिनं त्याला कधी बोल लावला नाही. पण त्याला ‘तुमची काही चूक नाही’ असं म्हणायलाही तिची जीभ उचलली नाही.

स्थानकाच्या मागच्या गल्लीत जिन्याखाली कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान चालवणारी बाई पन्नाशीची, चष्म्याला काळा दोरा, बोलणं सडेतोड. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि कागद पुढे सरकवला.

“लिहा बघू तुमचा शब्द.”

तिनं लिहिला.

“आता टंकलेखन यंत्रावर तो कसा मारायचात ते सांगा. एकेक कळ.”

ती बोलायला गेली आणि थांबली. तीस वर्षं हात चालवले होते, पण अक्षर आपण कसं मारतो हे तिला कुणी कधी विचारलं नव्हतं. “आधी च. मग काना. मग वर मात्रा. नाही, मात्रा आधी बहुतेक.”

“हेच,” दुरुस्तीवाली म्हणाली. “दिसायला ‘चौ’ सारखाच दिसणार. कागदावर आला तर तुम्हाला-मला फरक कळणार नाही. पण ताई, मशीन अक्षर बघत नाही, क्रम बघतं. तुमच्या ‘ऱ्या’मधला तो वाकडा अर्धा र घ्या. जुन्या प्रोग्रॅममध्ये तो एका कळेवर यायचा. नव्यात तीन कळा लागतात, आणि कधीकधी मध्ये एक न दिसणारं चिन्ह बसतं.”

“न दिसणारं?”

“असतं, पण दिसत नाही. मशीनला दिसतं. पुढे तुमचा ऐ. तो अख्खा आला की ए मारून वर मात्रा दिलीत? मग अनुस्वार, तो आधी की नंतर? आणि चौकटीत नुसते ठिपके, त्यामुळे त्या दिवशी तुम्ही काय मारलंत ते तुम्हीसुद्धा पाहिलेलं नाही.”

“म्हणजे शब्द बरोबर आहे?”

“शब्द बरोबरच आहे. तो मशीनपर्यंत पोचत नाहीये.”

जुना प्रोग्रॅम मिळाला तर काम होईल, असं दुरुस्तीवालीला वाटलं. तो काढणारी कंपनी कधीच बंद पडली होती. मग ती आपल्या कचेरीत गेली. तिथे आता सगळं नवीन होतं, पण निवृत्त झालेल्या हेडक्लार्कच्या घरी, टेबलाच्या खणात, रबर लावून ठेवलेल्या तबकड्यांत त्या प्रोग्रॅमची एक सापडली. दुरुस्तीवालीनं दुकानातल्या एका जुन्या मशीनवर ती चढवली. कळफलकही जुना शोधून काढला, उंच कळांचा, खटखट वाजणारा. टंकलेखिका खुर्चीवर बसली. डोळे मिटले. बोटं ठेवल्याबरोबर पाठीचा कणा आपोआप ताठ झाला आणि बोटं धावली. मध्ये कुठे अडली नाहीत, कुठे शंका आली नाही. हेच होतं, अगदी हेच.

दुरुस्तीवालीनं त्या मशीनवरून उमटलेला शब्द जसाच्या तसा उचलला आणि कुलपात घातला. पासवर्ड चुकीचा आहे.

“या प्रोग्रॅमच्या आवृत्त्या होत्या,” दुरुस्तीवाली म्हणाली. “ही नंतरची दिसते.”

तिथून पुढे तिचा जीव त्या चौकटीत अडकला. सकाळी त्याच्या गळ्याची नळी साफ करायची, त्याला पातळ जेवण द्यायचं, आणि तो पडला की मागच्या खोलीत जाऊन बसायचं. एक वही केली. कुठली कळ कुठल्या कळेनंतर, सगळं त्यात लिहायचं, मारून बघायचं, पुढे काट मारायची. ते कुलूप पंधरा चुकांनंतर कायमचं बंद पडणारं असतं तर बरं झालं असतं, असं तिला पुढे पुढे वाटू लागलं. पण ते कितीही वेळा विचारू द्यायचं. आता पुरे, असं म्हणायचं नाही. वही भरली, तिनं दुसरी घेतली.

कुठे दुसरीकडे त्याचा आवाज असेल, म्हणून एकदा ती बसस्थानकावर जाऊन आली. केबिनमध्ये आता कुणी बसत नव्हतं. यंत्रातली बाई फलाटांचे आकडे सांगत होती, शब्दांचे तुकडे जोडून, प्रत्येक आकड्याआधी थोडं थांबून. स्थानकप्रमुख तिला ओळखत होता. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं.

“वहिनी, असतं तर दिलं नसतं का? पण भोंगा थेट बोलायचा. सव्वीस वर्षं रोज बोलला, पण ते टेप कोण करणार? आम्हाला वाटायचं, आहेच की तो.”

लग्नाच्या चित्रफितीवर छायाचित्रकारानं सबंध वेळ सनईसारखं काहीतरी वाजवून ठेवलं होतं. तीत त्याचे ओठ तेवढे हलताना दिसत.

एकदा तिनं त्याच्यापुढे पाटी ठेवली आणि म्हणाली, “अहो, तुम्ही काय बोलला होतात ते लिहून द्या ना. मी वाचते. तेही चालेल मला.”

त्यानं पेन हातात घेतलं. टोपण काढलं, लावलं, काढलं. मग लिहिलं, “लिहून होण्यासारखं असतं तर तेव्हाच लिहिलं असतं.” खाली थोडी जागा सोडून लिहिलं, “तू उघडशील. घाई नाही.”

घाई होती. वर्ष उलटायच्या आत आजार परत आला, या वेळी फुप्फुसात. शल्यविशारदानं चित्र काढलं नाही. घरी न्या, आवडेल ते करा, असं म्हणाला.

दुरुस्तीवालीला हे कळलं तेव्हा तिनं दुकानातलं एक मशीन त्या कामाला लावून दिलं. शब्द लिहिण्याच्या जेवढ्या रीती सुचतील तेवढ्या, कळांचे जेवढे क्रम होतील तेवढे, ते मशीन आपणहून एकापाठोपाठ एक कुलपात घालून बघणार होतं. कोपऱ्यात ते दिवसरात्र चालू होतं. वर कागद चिकटवला होता, ‘बंद करू नये’. ती रोज दुपारी अर्धा तास काढून दुकानात येई, स्टुलावर बसे आणि पडद्यावर पळणारे आकडे बघे. दुरुस्तीवाली तिच्याशी बोलत नसे, नुसती पाण्याची बाटली पुढे सरकवे.

अकराव्या आठवड्यात ती आली तेव्हा आकडे थांबलेले होते.

“संपलं,” दुरुस्तीवाली म्हणाली. “सगळं घालून झालं.”

“मग राहिलं काय?”

दुरुस्तीवालीनं चष्मा काढून पुसला. “आधीच सांगायला हवं होतं मी. तुमचं अवसानच गळेल म्हणून जीभ रेटली नाही. ताई, फाइल एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर नेताना कधीकधी बिघडते. जुनी डिस्क आजारी होतीच. कुलपाचाच एखादा तुकडा बिघडला असेल तर मग बरोबर शब्दसुद्धा लागणार नाही.”

तिला आधी ते नीट समजलं नाही. मग हळूहळू समजलं. “म्हणजे तो मी आधीच घातलेला असू शकतो.”

“असू शकतो.”

“पहिल्याच दिवशी.”

दुरुस्तीवालीनं मशीनवरचा ‘बंद करू नये’ हा कागद काढून घेतला.

ती घरी चालत आली. वाटेत भाजी घ्यायची होती, ती राहिली. दोन वह्या, शेकडो ओळींवर काट, त्यांतली एखादी काट बरोबर शब्दावर मारलेली असेल, आणि ती कुठली हे आता कुणीही सांगू शकणार नव्हतं. चुकत होतं तोवर तिच्या हातात काहीतरी होतं. आज तेही राहिलं नाही.

तो खिडकीजवळच्या पलंगावर होता. उन्हं पायांवर आली होती, दिरानं उशा लावून त्याला बसवलं होतं आणि तो औषधं आणायला गेला होता. तिला बघून त्यानं पाटी घेतली. हल्ली एक ओळ लिहायला त्याला फार वेळ लागायचा.

“उघडलं?”

किती महिने तो हे विचारत नव्हता. त्याचे हात मनगटापाशी काडीसारखे झाले होते आणि डोळे तेवढे पूर्वीसारखे राहिले होते. तिच्या मनात काय आलं ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

“उघडलं,” ती म्हणाली.

त्याचा चेहरा असा उजळला की तिला खाली बघावं लागलं. “ऐकलं,” ती म्हणाली. “सगळं ऐकलं. आज दुकानातच ऐकलं. आवाज किती छान आलाय तुमचा.”

त्यानं पुसलं आणि लिहिलं, “सातवंपण?”

“हो. सातवंपण.”

तो तिच्याकडे बघत राहिला. ती पलंगाच्या कडेवर बसली, तिनं त्याचा हात हातात घेतला. त्यानं तो हळूच सोडवून घेतला, लिहायला हवा होता म्हणून. पाटीवर एकच शब्द लिहिला आणि पाटी तिच्याकडे वळवली.

“मग?”

त्यानं तिला काहीतरी विचारलं होतं. सातव्यात, दार लावून, ती पलीकडे नळ सोडून उभी असताना. आणि वर्षभराहून अधिक तो उत्तराची वाट बघत होता. आता ती ‘काय विचारलं होतंत?’ असं म्हणू शकत नव्हती. एका वाक्यापूर्वी म्हणू शकली असती.

“हो,” ती म्हणाली. मग नुसतं ‘हो’ कमी पडेल असं वाटून म्हणाली, “हो, अगदी मनापासून.”

नंतर त्यानं मान हलवली, कळलं अशा अर्थी. पाटी मांडीवर घेतली आणि फडक्यानं पुसली. शब्द एकच होता, तोही मधोमध, पण त्यानं चारी कोपरे पुसले, कडा पुसल्या. पेनाला टोपण लावलं. मग त्यानं उशी खाली सरकवायची खूण केली, आणि झोपल्यावर तोंड भिंतीकडे केलं.

त्यानंतर तो नऊ दिवस होता. पाणी, नळी, पांघरूण, खिडकी, एवढंच लिहायचा. एकदा तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, “रागावलात का माझ्यावर?” त्यानं नकारार्थी मान हलवली आणि तिच्या गालाला हात लावला. तो राग नव्हता, हे तिला दिसत होतं. पण काय होतं, ते तिला वाचता आलं नाही.

तो गेल्यावर स्थानकावरची मंडळी आली. प्रत्येकजण म्हणाला, त्याचा आवाज अजून कानात आहे. तिनं ऐकून घेतलं. तिच्या कानात नव्हता. तो कसा दिसायचा, कसा चालायचा, पाटीवरचं त्याचं अक्षर, सगळं लख्ख आठवत होतं. पण तो तिला हाक कशी मारायचा ते आठवू गेली की यंत्रातली बाई बोलायची, आकड्याआधी थोडं थांबून.

दीर म्हणाला, “वहिनी, तो फोल्डर राहू दे ना. पुढे काही नवीन निघेल, कुणी सांगावं?”

“राहू दे,” ती म्हणाली.

ती आता टाइप करून बघत नाही. कचेरीतही तिनं मुदतीआधी निवृत्ती घेतली. दुपारी ती त्या पलंगावर बसते आणि प्रश्न शोधते. मी गेल्यावर भावाच्या घरी राहशील का, असं विचारलं असेल. मूल झालं नाही त्याबद्दल मला माफ केलंस का, असं विचारलं असेल. हे दोन असले तर ‘हो’ बरोबरच होतं. पण माझ्याशी लग्न केलं ही चूक झाली असं तुला कधी वाटलं का, असंही विचारलं असेल. तिनं त्याच्या डोळ्यांत बघून सांगितलं होतं, हो, अगदी मनापासून.